एका पाटीवर दोन तारखा

सकाळी देवापुढे दिवा लावला की ओमेश्वरी आधी वार म्हणायची, मग तिथी, मग तारीख. हे तिच्या आईचं वळण. देवरीच्या घरी आई सांगायची, देवाला हाक मारताना दिवस सांगून मारावी, म्हणजे त्यालाही कळतं की हाक मारणारा जागा आहे. पोर मोठी झाली, गोंदियाला शिकायला गेली, लग्न होऊन नागऱ्याच्या पलीकडच्या गावात रहांगडाल्यांची सून झाली, पण ते वळण काही सुटलं नाही. नवी सून देव्हाऱ्यासमोर तारीख बोलते हे पाहून सासूबाई धुरपताबाई पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, "देवाले का कॅलेंडर दिसत नाई का वो?" आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनाच त्याची सवय लागली. ओमेश्वरी माहेरी गेली की त्यांना वारच आठवायचा नाही.

गोंदियाला ती गेली १९९९ साली, मावशीकडे राहून डिप्लोमा करायला. संध्याकाळी बाजारामागच्या गल्लीत चंद्रशेखर सरांच्या क्लासला जायची. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि सी नावाची भाषा. बाकीच्या पोरी त्या भाषेला घाबरायच्या. ओमेश्वरीला ती आवडली, आणि आवडली ती तारखेच्या धड्यापासून.

सरांनी सांगितलं, मशीनला वार माहीत नसतो, सण माहीत नसतो. त्याच्याजवळ नुसते आकडे असतात. त्याच्यासाठी शिवरात्र आणि साधा गुरुवार सारखेच. त्यातही ते आकडे मोठे विचित्र. साल मोजायचं एकोणीसशेपासून पुढे, आणि महिने मोजायचे शून्यापासून.

"म्हणजे जानेवारी शून्य, सर?"

"हाव. जानेवारी शून्य, डिसेंबर अकरा. विसरलीस तर संक्रांत फेब्रुवारीत येईल."

त्या कोरड्या आकड्यांना अक्षरांत आणायचं, हा त्या दिवशीचा धडा. तिनं आकडे दिले, कळ दाबली, आणि पडद्यावर वार, महिना, साल असं सगळं नीट शब्दांत उमटलं. मूर्ती घडवून होते, रंगवून होते, तरी डोळे काढेपर्यंत ती दगडच असते. डोळे काढले की आपल्याकडे पाहते. तसं वाटलं तिला. त्या दिवशी मावशीकडे परतताना ती रस्त्यातल्या पाट्यांवरच्या तारखा वाचत, मनातल्या मनात त्यांचे वार काढत चालली होती, आणि दोनदा सायकलवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या.

लग्न झाल्यावर मात्र मशीन सुटलं. नवरा भोजराज गोंदियाच्या राईस मिलमध्ये नोकरीला, माणूस हसरा. सासरे चुन्नीलालजी गावात मानाचे, शेतीवाडी असलेले, पण त्यांचा खरा जीव माईकमध्ये. गावात भागवत सप्ताह असो, शाळेचा झेंडा असो की कोणाचा साखरपुडा, चुन्नीलालजी माईकवर हवेतच. माईक हातात आला की तो परत घ्यायला दोन माणसं लागत. अक्षय तृतीयेला गावात सर्व समाजांचा सामूहिक विवाह व्हायचा, तो तर त्यांचा वर्षाचा सण. शेवटी त्यांचं भाषण असायचं आणि त्याची तयारी ते संक्रांतीपासून करायचे, म्हशीसमोर.

२००५ च्या उन्हाळ्याच्या तोंडी चंद्रशेखर सरांनी भोजराजजवळ निरोप पाठवला. क्लासमध्ये आता पोरी पुष्कळ येऊन राहिल्या आहेत, शिकवायला बाईच हवी असं त्यांच्या आया म्हणतात, सी शिकवायला ओमेश्वरी येईल का? अक्षय तृतीयेनंतर कळवा, तोवर जागा ठेवतो.

ओमेश्वरीचं मन त्या दिवशी ताकात नव्हतं, रवी नुसती फिरत होती. तिला जायचं होतं. किती जायचं होतं ते तिनं फक्त नागऱ्याच्या महादेवाला सांगितलं. घरात सांगायचं काम भोजराजनं केलं, तेही जेवताना, सासऱ्यांच्या ताटात भात पडल्यावर.

चुन्नीलालजींनी घास खाली ठेवला. "सून रोज गोंदियाले जाईल. मंग घरी भात का मशीन रांधेल?"

"तुमी रोज माईकवर जाता," धुरपताबाई चुलीपासून म्हणाल्या, "तवा बैलाले पाणी का माईक पाजते?"

भोजराजला ठसका लागला. चुन्नीलालजींनी त्याच्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि सुनेकडे वळून तोडगा काढला. ते तसे वाईट माणूस नव्हते, फक्त चार लोकांत मान खाली जायला फार भ्यायचे.

"पाह्य सूनबाई. यंदा लग्नाची प्रमाणपत्रं तू मशीनवर काढ. चौदा जोडपी आहेत. काम चोख झालं तर जाय बापा गोंदियाले, मी काही म्हणणार नाई. पण गावासमोर शोभा झाली, तर मंग गोंदियाचं नाव काढाचं नाई."

"बरं, मामाजी," ओमेश्वरी म्हणाली. तिनं त्यांच्या ताटात न मागताच आणखी वरण वाढलं.

मशीन होतं समाजमंदिराच्या खोलीत. गावातल्या कोणी नागपूरवाल्यानं जुनं झालं म्हणून विवाह मंडळाला दिलेलं, सोबत कर्रकर्र करणारा प्रिंटर. त्यावर झाकण म्हणून कोणाच्या तरी लग्नातली जरीची चादर होती. प्रमाणपत्रं छापून आलेली होती, मराठीत, गणपतीचं चित्र आणि रिकाम्या ओळी असलेली. त्या ओळींत दोघांची नावं आणि दोघांच्या जन्मतारखा वारासकट घालायच्या होत्या. वार पाहिजेच, असं चुन्नीलालजींचं म्हणणं, कारण वाराशिवाय माईकवर वजन येत नाही.

सी भाषेत तारखेची अक्षरं करून देणारं तयार काम असतं, पण ते बोलतं इंग्रजी. बुधवारला वेन्सडे म्हणतं. गावच्या मांडवात वेन्सडे कोण म्हणू देईल? म्हणून ओमेश्वरीनं स्वतःचं काम लिहिलं आणि त्याला नाव दिलं तारीख. त्याला दिवस, महिना, साल द्यायचं. ते वार मोजून काढायचं आणि सगळं मिळून एका ओळीत अक्षरांत लिहून द्यायचं. मशीनमध्ये मराठी लिपी नव्हती, तेव्हा अक्षरं इंग्रजी पण शब्द आपले: सोमवार, मंगळवार, बुधवार.

महिने शून्यापासून मोजतात हे ऐकून धुरपताबाईंना मात्र काही नवल वाटलं नाही. "बरोबर तर आहे. पोट्टं होते तवा त्याचा पयला महिना भराचा असते. भरल्यावरच एक म्हणतात." पाच-सहा वर्षांपूर्वी सरांनी जे अर्धा तास फळ्यावर समजावलं होतं, ते सासूबाईंनी कांदा चिरताना उरकलं.

सून मशीनवर वार काढते ही बातमी गावभर गेली, आणि गाव परीक्षा घ्यायला आलं. आपल्याकडे पुष्कळांच्या नावातच वार असतो. मंगळवारी जन्मला तो मंगरू, शुक्रवारी जन्मला तो सुकराम, रविवारचा तो इतवारू. ज्याला शाळेतली तारीख पाठ नाही, त्यालाही आपला वार पक्का ठाऊक. तेव्हा मशीन खरं की खोटं हे कळायला दुसरं काही लागतच नव्हतं.

पहिला मंगरू आला, खांद्यावर दुपट्टा, तोंडात पान. "नऊ फरवरी, चौपन. सांग म्हणा माझा वार."

ओमेश्वरीनं कळा दाबल्या. पडद्यावर मंगळवार आला. मंगरू दुपट्टा सावरत वाकून पाहत राहिला.

"मले माझ्या मायनं सांगतलं म्हणून माईत. हिले कोणं सांगतलं?"

"तुमच्या मायनंच असंल, काका," भोजराज म्हणाला, "थे आता वरतून सांगून राहिली."

मग सुकराम आला, तो शुक्रवारचाच निघाला. मग रांग लागली. म्हातारा इतवारू आला तेव्हा गडबड झाली. मशीन म्हणालं सोमवार. इतवारू चिडला. साठ वर्षं रविवारचा असलेला माणूस एका क्षणात सोमवारचा कसा होईल? शेवटी त्याला आठवलं की त्याचा जन्म पहाटे कोंबडा आरवायच्या आधीचा.

"मंग बरोबर," धुरपताबाईंनी निवाडा केला. "सूर्य उगवत नाई तंवरी आपला आदला वारच असते. तुया मशीनले सांग ओमे."

"मशीन रात्री बाराले उठते, आत्याबाई."

"रात्री बाराले चोर उठतात," इतवारू म्हणाला, आणि रविवारचाच राहून घरी गेला.

सगळी गंमत चालली होती ती पाहायला चुन्नीलालजीही आले. चार माणसं आपल्या सुनेभोवती जमलेली पाहून त्यांची छाती थोडी फुगली. म्हणाले, "एक नमुना काढून दाखव. पूर्ण प्रमाणपत्र. माझं आन् तुझ्या सासूचं."

त्यांची तारीख शाळेत गुरुजींनी घातलेली: एक जुलै एकोणीसशे पन्नास. त्या काळात गुरुजी अर्ध्या वर्गाला एक जुलैच घालत.

"आणि आत्याबाई, तुमची?"

"मले का माईत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, तान्ह्या पोळ्याची होय, येवढं माय सांगे. साल कोणं धरून ठेवलं?"

"टाक माझीच तिले," चुन्नीलालजी म्हणाले. "का फरक पडते?"

ओमेश्वरीनं टाकली. कागद कर्रकर्र करत बाहेर आला. दोन ओळी, दोन्हीवर शनिवार, एक जुलै. नमुना पास झाला, मंडळाचे लोक खूश झाले. धुरपताबाईंनी कागद हातात घेतला, वाचता येत नसताना बराच वेळ पाहिला आणि परत दिला. "चला, मी शनिवारची झाली म्हणाची."

विवाहाच्या आदल्या दुपारी वीज आली तशी ओमेश्वरीनं चौदाही प्रमाणपत्रं काढली. वीज जाईल या धाकानं एकामागून एक कागद लावत होती. नावं बरोबर ओळीवर बसतात ना, गणपतीच्या सोंडेवर चढत नाहीत ना, तेवढं पाहत होती. तारखांची तिला काळजीच नव्हती. तारखा तर साऱ्या गावानं तपासल्या होत्या. शेवटचा कागद निघाला तसा चुन्नीलालजींनी गठ्ठा उचलला, लाल कपड्यात बांधला, देव्हाऱ्यात महादेवापुढे ठेवला आणि वर हळदकुंकू वाहिलं.

"एकदा डोळ्यांखालून घालते, मामाजी," ओमेश्वरी म्हणाली.

"आता देवाजवळ ठेवलं. आता मांडवातच सुटंल."

देवापुढचं उचलायचं नाही, हे तिलाही पटलं. तिनं दिवा लावला, तारीख सांगितली, आणि उद्याचं सारं त्याच्यावर सोपवलं.

तलावाकाठच्या आमराईत मांडव पडला होता, वर जांभळाच्या हिरव्या डहाळ्या. ऊन चढायच्या आत चौदा अंतरपाट धरले गेले, मंगलाष्टकं झाली, अक्षता उडाल्या. बायकांच्या केसांत, लेकरांच्या टोप्यांत, भटजींच्या चष्म्यावर तांदूळच तांदूळ. वीज नव्हतीच, बकाराम भोंगेवाल्याचं जनरेटर मांडवामागे घुरघुरत होतं. चुन्नीलालजींनी माईकवर दोनदा टकटक केलं, हॅलो म्हटलं, लाल कपड्याची गाठ सोडली आणि पहिलं प्रमाणपत्र उंच धरलं.

"वराचा जन्म, सोमवार, बारा मार्च एकोणीसशे एकोणऐंशी! आणि वधूचा जन्म..." ते थबकले, मग त्यांचा आवाज दुप्पट झाला. "सोमवार, बारा मार्च एकोणीसशे एकोणऐंशी! वा! एकाच दिवशी जन्मले आणि एकाच दिवशी लागले! ह्याले म्हणतात जोडी! टाळ्या!"

मांडवभर टाळ्या. बायकांमध्ये अक्षतांची वाटी धरून उभ्या असलेल्या ओमेश्वरीनंही वाजवल्या. पण टाळी वाजवता वाजवता तिला वाटलं, ही मुलगी तर नवऱ्यापेक्षा लहान होती.

दुसरी जोडी. "वराचा जन्म, शुक्रवार, पाच ऑगस्ट एकोणीसशे सत्त्याहत्तर! वधूचा जन्म, शुक्रवार, पाच..." या वेळी चुन्नीलालजींनी वर आभाळाकडे हात केला. "यंदा महादेवाची कृपाच काही वेगळी आहे! टाळ्या!"

टाळ्या झाल्या, पण पातळ. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. ओमेश्वरीच्या पायाखालची सतरंजी गरम झाली.

तिसरी जोडी धनलाल आणि बुधवंता. चुन्नीलालजी आता थांबायच्या स्थितीत नव्हते. "वराचा जन्म, रविवार, तेवीस नोव्हेंबर एकोणीसशे ऐंशी! आणि वधूचाही, रविवार, तेवीस..."

"नाई जी."

नवरीनं मान वर केली होती. बाशिंगाच्या मुंडावळ्या बाजूला करून ती सरळ चुन्नीलालजींकडे पाहत होती, आणि माईक तिच्या तोंडासमोरच असल्यामुळे ते साऱ्या आमराईला ऐकू गेलं. "मी बुधवारची आहो. म्हणून तर बुधवंता."

मग मांडवाच्या एका कोपऱ्यात हसू फुटलं आणि वणव्यासारखं इकडून तिकडे गेलं. एक म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "लगीन झालं का नवऱ्याचं नाव लागते, नवऱ्याचं घर लागते. आता तारीख बी त्याचीच लागली वो माय!" मग तर हसणं आवरेना. मंगरू दुपट्ट्यानं डोळे पुसत होता. धनलाल बिचारा आपणच काही चोरल्यासारखा बसला होता.

चुन्नीलालजींच्या हातात बाकीचे कागद होते. त्यांनी ते भराभर उलटले. साऱ्यांवर तेच. त्यांचा चेहरा डोक्यावरच्या लाल फेट्याच्या रंगाचा झाला.

ओमेश्वरीला तोवर कळलं होतं. सारं एकदम, चुलीवरचं दूध उतू जावं तसं. तिनं वाटी शेजारणीच्या हातात दिली, पदर डोक्यावरून घेतला आणि सरळ मांडवाच्या मधोमध गेली. गोंदिया, क्लास, काळा पडदा, सगळं तिथंच मागे राहिलं असं वाटत होतं. तरी गेली. माईकजवळ तोंड नेऊन म्हणाली, "चूक माझी आहे. मामाजींनी कागदावर होतं तेच वाचलं. कोरी प्रमाणपत्रं उरली आहेत. जेवणं होईपर्यंत मी सगळी नवी करून देते."

"कायनं करते?" चुन्नीलालजी हळू आवाजात म्हणाले, तरी माईकनं ते सगळ्यांना सांगितलंच. "वीज कुठं आहे?"

साऱ्यांच्या माना मांडवामागे वळल्या. बकारामनं जनरेटरवर हात ठेवला आणि मान हलवली. "एकाच वेळी दोन्ही नाई जमत, पाटील. भोंगा चालंल, नाईतर मशीन चालंल. काय ते सांगा."

आता यायचं होतं चुन्नीलालजींचं भाषण. संक्रांतीपासून म्हशीला ऐकवलेलं. ते माईककडे पाहत राहिले. बायकांच्या घोळक्यातून धुरपताबाईंनी त्यांना मानेनंच समाजमंदिर दाखवलं.

"बंद कर भोंगा," चुन्नीलालजी म्हणाले.

भोंगा बंद झाला. आमराईत एकदम कोकिळा ऐकू आली. मागून कोणीतरी म्हणालं, "महादेवा, अशी चूक दरसाल होऊ दे." पंगती बसल्या.

समाजमंदिर मांडवाला लागूनच. बकारामनं तार ओढून दिली, जरीची चादर बाजूला झाली, पडदा उजळला. ओमेश्वरी आपलीच ओळ वाचत होती, तेवढ्यात धुरपताबाई बुंदीचा द्रोण घेऊन आत आल्या. द्रोण तिच्यासमोर ठेवून म्हणाल्या, "खा. आन् का झालं थे सांग."

"आत्याबाई, मी तारखेला लिहायला एकच पाटी दिली होती. एक तारीख विचारली की ती पाटीवर लिहून दाखवते. म्हणून गावाचे वार बरोबर निघाले, एकेकाचेच विचारत होतो. पण प्रमाणपत्रात दोन तारखा एकाच ओळीत मागितल्या. मशीन ती ओळ शेवटाकडून घेत येतं. आधी नवरीची तारीख लिहिली, मग तीच पाटी पुसून त्यावर नवऱ्याची लिहिली. आणि कागदावर उतरवताना दोन्ही वेळा त्याच पाटीकडे पाहिलं."

"म्हणजे नवरीचं लिहिलं होतं."

"हो. आधी तिचंच लिहिलं होतं. पुसलं गेलं."

धुरपताबाईंनी मनात हिशोब लावला. "आन् आमच्या नमुन्यात दिसलं नाई, कारण तिथं पयलेच दोघाची एक केली होती." मग पदर खोचला. "मंग दे नं दोघाले दोन पाट्या. हाय काय त्यात?"

"तेच करून राहिली."

तेवढंच काम होतं. तारीख लिहायला तिनं एक पाटी वराची ठेवली, एक वधूची. ज्याची तारीख त्याच्या पाटीवर, कोणाची कोणावर पुसली जायची नाही. या वेळी तिनं आधी पडद्यावर दोघांच्या वेगवेगळ्या तारखा घालून पाहिल्या, मोठ्यानं वाचल्या, पुन्हा वाचल्या. मग कागद लावला.

दारात गलका झाला. बुधवंता आली होती, स्वतः पाहायला. शेल्याची गाठ सुटलेली नव्हती, त्यामुळे मागोमाग धनलालही आला, अर्धा लाडू हातात घेऊन.

कागद बाहेर आला. ओमेश्वरीनं ओळीवर बोट ठेवून वाचलं, "वर, रविवार, तेवीस नोव्हेंबर ऐंशी. वधू, बुधवार, अठरा एप्रिल चौऱ्याऐंशी."

बुधवंतानं ते बोट बाजूला करून आपलं ठेवलं. "कुठं? इथं का?" मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, "हे पाहा. तुमी रविवारचे. मी बुधवारची. घरी गेल्यावर विसराल नाई."

"नाई विसरत बाई," धनलाल म्हणाला. "साऱ्या गावानं ऐकलं नं आता."

मग एकेक जोडपं गाठीसकट येऊ लागलं. जेवून उठलेली माणसं खिडकीत. प्रत्येक कागद निघाला की ओमेश्वरी वाचायची, नवरी हसायची, खिडकीतले टाळ्या वाजवायचे. माईकवर मागूनही आल्या नसत्या अशा टाळ्या. शेवटी चुन्नीलालजी आले आणि बाकीचे कागद त्यांनी घेतले. मांडवात उभं राहून, भोंग्याशिवाय, उघड्या गळ्यानं चौदाही जोड्यांचे वार त्यांनी वाचले. लोक गप्प बसून ऐकत होते. भाषण राहिलंच. पुढे कित्येक दिवस लोक त्यांना सांगत, चुन्नीलालजी, यंदा तुमी लई चांगलं बोलले.

घरी परतताना सगळे पांदणीनं, शेतांमधल्या वाटेनं, चालले होते. ओमेश्वरी मागे होती. घराचं फाटक दिसू लागलं तसे चुन्नीलालजी थांबले.

"शोभा तर झाली गावासमोर," ते म्हणाले.

ओमेश्वरीनं मान खाली घातली. "हो, मामाजी."

"तुयी नाई, माझी. न पाहता टाळ्या मागणारा मीच. पायते म्हणत होती तू, तवा देव मधात आणला, थो बी मीच." त्यांनी फेटा काढून काखेत धरला. "सोमवारी भोजराजसोबत जाय गोंदियाले. सरले सांग, आमची सून येऊन राहिली."

भोजराज मोठ्यानं हसला. ओमेश्वरीला काय करावं कळेना, म्हणून ती सासऱ्यांच्या पाया पडली, मग सासूबाईंच्या, आणि त्या भरात भोजराजच्याही पडणार होती, तो मागे सरला.

"पण जायच्या आधी एक काम," चुन्नीलालजी म्हणाले. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही, फाटकाजवळच्या जांभळीकडे पाहिलं. "तो नमुना आहे नं, माझा आन् हिचा. थो दुरुस्त करजो."

"दुरुस्त का करते?" धुरपताबाई म्हणाल्या. "मले साल माईत आहे का? तारीख माईत आहे का?"

"अक्षरंच तर लिहायची आहेत, आत्याबाई," ओमेश्वरी म्हणाली. "जे माईत आहे ते लिहू."

दुसऱ्या दिवशी वीज आली तेव्हा तिनं एक कोरं प्रमाणपत्र लावलं. चुन्नीलालजींच्या ओळीत शनिवार, एक जुलै एकोणीसशे पन्नास. धुरपताबाईंच्या ओळीत आकडा एकही नाही, वार नाही, साल नाही. नुसतं: तान्हा पोळा. चुन्नीलालजींनी ते गोंदियाहून काच लावून आणलं आणि देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर खिळा ठोकला.

ओमेश्वरी क्लासला जाऊ लागली. काळा पडदा गेला, रंगीत पडदे आले, पोरी बदलल्या, सरांच्या जागी त्यांचा मुलगा बसू लागला, तरी तारखेचा धडा २०१२ मध्येही ओमेश्वरी मॅडमच शिकवायच्या. त्या दिवशी पोरींना त्या सांगायच्या, एका ओळीत स्वतःची जन्मतारीख काढा आणि शेजारी आईची. पहिल्यांदा हमखास दोन्ही सारख्या यायच्या. पोरी ओरडायच्या, "मॅडम, मी आन् मम्मी जुळ्या झालो!" मग मॅडम पाट्यांची गोष्ट सांगायच्या. पण त्याआधी अर्ध्या पोरींची बोटं कळांवर थांबायची, कारण आईची तारीख त्यांना ठाऊकच नसायची. "जा, उद्या विचारून या," मॅडम म्हणायच्या. "आकडा नसला तर जे सांगेल ते घेऊन या." पोरी घेऊन यायच्या: धान कापणीचे दिवस, शिवरात्रीची यात्रा, मामाच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. सगळं पडद्यावर अक्षरांत उमटायचं.

आणि घरी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगणात लेकरं लाकडी नंदी सजवत असताना, ओमेश्वरी देव्हाऱ्यापुढे दिवा लावायची. वार सांगायची, तिथी सांगायची, तारीख सांगायची. आणि मग जरा मोठ्यानं, स्वयंपाकघरात ऐकू जाईल असं म्हणायची, "देवा, आज आमच्या आत्याबाईंचा दिवस."

"माईत आहे त्याले," आतून आवाज यायचा. "भिंतीवर वाचते थो रोज. तू ये, पुरण घोटाचं आहे."